अर्ध्या सेकंदाचा उशीर

"आप्पा, चहा घेणार का?"
"हो, परवाच आला."

घर खदखदून हसलं. आप्पाही हसले. पण आमच्या तोंडांकडे बघत, अर्धा सेकंद उशिरा.

तो उशीर काही डोक्यातून जाईना. कारण काल रात्रीच मी यूट्यूबवर रेड स्केल्टनच्या जुन्या चित्रफिती बघत जागा होतो. अमेरिकन विनोदवीर, आधी रेडिओवर, मग १९५१ पासून १९७१ पर्यंत टीव्हीवर. त्यानं रंगवलेलं पात्र क्लेम कडिडलहॉपर म्हणजे अस्सल गावंढळ गडी. टोपीची कड वर दुमडलेली, तोंडभर बावळट हसू, विचारावं एक आणि उत्तर यावं तिसरंच. पोट धरून हसलो.

मग वाचनात आलं, की क्लेम त्याला सुचला तो इंडियानातल्या त्याच्या गावच्या, व्हिन्सेन्सच्या, एका मुलावरून. त्या मुलाला कमी ऐकू यायचं.

म्हणजे मूळचा गडी मठ्ठ नव्हताच. प्रश्नच पोचत नव्हता त्याच्यापर्यंत.

स्केल्टनवर राग नाही हं माझा. माणूस स्वतः गरिबीतून वर आलेला, आणि त्याचा क्लेम कुणाला टोचतही नाही. उलट लोभसच आहे.

कानाचं मशीन नेहमीप्रमाणे ड्रॉवरमध्ये. कुंई कुंई वाजतं म्हणून आप्पा लावत नाहीत. मी समोर बसून, सावकाश, परत विचारलं.

"घेईन की. साखर कमी." मग हळूच म्हणाले, "मघाशी काय बोललो रे मी?"

काय सांगायचं?