कारसाठी अँप (ॲम्प्लिफायर) घेताना खोक्यावरचे वॅट सोडून काय काय बघितलं (माझा अनुभव)

आधीच सांगून टाकतो, मला काही चौकातल्या काचा हादरवायच्या नव्हत्या. पारोळ्यात घर, काम कधी धुळ्याला कधी जळगावला, म्हणजे ५३ नंबर हायवेवर रोजचं जाणंयेणं, काचा बंद, एसी फुल, आणि कंपनीच्या स्टिरिओचा आवाज जरा वर नेला की गाणं फाटायचं. पुढच्या दारात कंपोनंट स्पीकर (वूफर आणि ट्विटर वेगवेगळे असलेले) बसवले तरी फाटणं तसंच. स्टिरिओच्या मागे ५० × ४ वॅट छापलंय म्हणून खूश व्हायचं नाही, ते पीक असतं, म्हणजे क्षणभराचा कमाल आकडा. गाडी चालू असताना मिळतात साधारण १४ व्होल्ट, तेवढ्यात ४ ओहमच्या स्पीकरला न फाटता हिशोबानेच २५ वॅटच्या आसपास जातात आणि प्रत्यक्षात १५ ते २०. म्हणजे अँप लागणारच होतं.

मग जळगावातली कार डेकोरची दुकानं फिरलो, आणि खरी गंमत तिथे. एका ठिकाणी चमकदार खोकं पुढे आलं, त्यावर केवढ्या मोठ्या अक्षरात ४००० वॅट. किंमत ऐकून वाटलं अरे वा. माझा मामेभाऊ शिरपूरचा, लग्नाच्या डीजेचं काम करतो, त्याला फोटो पाठवला तर त्याचा लगेच फोन, "दादा, खोकं काय वाची ऱ्हायना, फ्यूज देख ना!" अँपच्या बाजूला फक्त एक ३० अँपिअरचा फ्यूज. आता हिशोब बघा, ३० गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे ४१४ वॅट बॅटरीकडून येणार, क्लास एबी (जुन्या पद्धतीचा, जास्त तापणारा प्रकार) असेल तर त्यातले निम्म्याहून थोडे जास्त स्पीकरला पोचणार, बाकीची नुसती उष्णता. म्हणजे सगळे चॅनल (स्पीकरला जाणारे आउटपुट) मिळून सव्वादोनशे वॅट. चार हजार कुठून येणार भो? दुकानदाराला हे सांगितलं तर तो म्हणे "साहेब सगळे हेच नेतात." नेत असतील.

तेव्हापासून मी एकच विचारायचो, आरएमएस (म्हणजे सतत मिळणारी पॉवर) किती, किती ओहमला आणि किती व्होल्टला. चांगल्या कंपन्यांच्या कागदावर सीईए-२००६ असं लिहिलेलं असतं, म्हणजे पॉवर १४.४ व्होल्टला, ४ ओहमला आणि १ टक्का डिस्टॉर्शनच्या (आवाज बिघडण्याच्या) आत मोजलेली असते. हे लिहिलेलं नसेल तर अँप वाईटच असं नाही, पण मग फ्यूजचा हिशोब करायचाच.

दुसरा मुद्दा क्लासचा, आणि इथे आपल्या खानदेशाचा उन्हाळा मध्ये येतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळ ४५ च्या वर जातं, उन्हात उभ्या गाडीत तर हात लावायची सोय नसते. मला एकूण लागणार होते ३७० वॅटच्या आसपास (कसे ते पुढे सांगतो). क्लास डी (कमी तापणारा प्रकार) साधारण ८० टक्के एफिशियंट धरला तर फुल आवाजाला बॅटरीकडून ३३-३४ अँपिअर ओढणार आणि ९० वॅटची उष्णता होणार. तेच क्लास एबीत ४९ अँपिअर आणि ३०० वॅट उष्णता! गाण्यात सतत फुल पॉवर लागत नाही हे खरं, सरासरी बरीच कमी असते, पण एसी, कंडेन्सर फॅन, हेडलाइट, सगळं त्याच अल्टरनेटरवर आहे आणि छोट्या पेट्रोल गाडीचा अल्टरनेटर काही ट्रकचा नसतो. एबीचा आवाज गोड असतो असं म्हणणारे भेटले, असेलही, पण ९० च्या स्पीडला टायरच्या आवाजात तो फरक मला तरी कळणार नाही. क्लास डी फायनल.

आता चॅनल. मागच्या स्पीकरला अँप देण्यात मला अर्थ वाटत नाही, मागे बसतात पोरं आणि ती मोबाइलवर. म्हणून ४ चॅनलचा घ्यायचा, पुढचे दोन चॅनल पुढच्या दारांना, मागचे दोन ब्रिज करून (म्हणजे एकत्र जोडून) एका १० इंची वूफरला (बासच्या स्पीकरला), आणि मागचे स्पीकर स्टिरिओवरच राहू द्यायचे. पुढचे स्पीकर ६० वॅट आरएमएसचे, वूफर २५० चा. मला जमला तो अँप ४ ओहमला ७५ × ४ आणि ब्रिज केला की २२० × २. म्हणजे पुढे ७५ × २ आणि वूफरला २२०, झाले ३७०. त्यावर फ्यूज २० चे दोन, ४० गुणिले १३.८ गुणिले ०.८ केलं तर ४४१ येतं, म्हणजे कागदावरच्या ४४० ला बरोबर जुळतं. हे जुळलं तेव्हाच मी मान हलवली. ६० च्या स्पीकरला ७५ चा अँप चालतो का असं घरी पण विचारलं गेलं, चालतो. वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो, ६० आणि ७५ मध्ये तर १ डेसिबल. फाटलेला सिग्नल रेटून दिला तर स्पीकर जास्त लवकर मरतो.

एक गोष्ट मात्र वूफर घेताना नक्की बघा. दुकानात मला ड्युअल ४ ओहमचा वूफर देत होते, बास जास्त येईल म्हणून. ड्युअल म्हणजे दोन कॉइल, पॅरलल जोडल्या तर २ ओहम होतात आणि सिरीज जोडल्या तर ८. आणि ४ चॅनलचा अँप ब्रिज केला की बहुतेक वेळा कमीत कमी ४ ओहमच झेपतो, कारण ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलला निम्माच लोड दिसतो, २ ओहम लावले की चॅनलच्या वाट्याला १ येतो आणि अँप प्रोटेक्टमध्ये जातो (स्वतःच बंद पडतो) नाहीतर जळतो. ८ ओहम केले तर पॉवर निम्मी. म्हणून सिंगल कॉइल ४ ओहम घ्या, किंवा ड्युअल २ ओहम घेऊन सिरीज करा. हे मला दुकानात कोणी सांगितलं नाही, अँपच्या पुस्तकात बारीक अक्षरात होतं.

वायरचं किट स्वस्तातलं घेऊ नका. शेतात विहिरीवरच्या मोटरला लांबून बारीक केबल टाकली की मोटर कशी कण्हते, तसंच इथे. बॅटरीपासून डिक्कीपर्यंत ५ मीटर, ४० अँपिअरला ८ गेजच्या तांब्याच्या वायरीत ०.४ व्होल्ट पडतात, आणि तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या वायरीत ०.६ च्या वर. नखाने नाहीतर ब्लेडने तार खरवडली की आतून पांढरी निघते, तीच ती. मी शुद्ध तांब्याची ४ गेज घेतली (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड), महाग पडली. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, निगेटिव्ह वायर छोटी आणि कलर खरवडून उघड्या पत्र्याला बोल्टने घट्ट. पॉवरची वायर एका बाजूने आणि सिग्नलची दुसऱ्या बाजूने, नाहीतर ॲक्सिलरेटर दिला की स्पीकरमधून कुंईईई.

माझ्या स्टिरिओला आरसीए आउट (अँपला सिग्नल द्यायचं वेगळं सॉकेट) नाही, म्हणून हाय लेव्हल इनपुटवालाच (स्पीकरच्या वायरीतून सिग्नल घेणारा) अँप बघितला, कपलर लावून जोडला, कंपनीची वायर कापू दिली नाही, वॉरंटी बाकी आहे. अँप ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली, डिक्कीत कोपऱ्यात कोंबला नाही, वर मॅट टाकू दिली नाही.

सेटिंगला मिस्तरी गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते बटण) फुल करून मोकळा होत होता, त्याला थांबवलं. मामेभाऊ मल्टिमीटर घेऊन आलाच होता. वूफर काढून ठेवला, ५० हर्ट्झचा टोन लावला, स्टिरिओ पाऊण आवाजावर, आणि आउटपुटला २९.७ व्होल्ट येईपर्यंत गेन फिरवला (२२० गुणिले ४ चं वर्गमूळ). पुढच्यांना १ किलोहर्ट्झचा टोन लावून १५.५ व्होल्टवर थांबलो, म्हणजे ६० वॅट. पुढे हायपास ८० हर्ट्झ (त्याखालचा बास तिकडे जात नाही), वूफरला लोपास ८० (त्यावरचा आवाज तिकडे जात नाही). बास बूस्ट शून्य, ते बटण मामेभावाने दोनदा वर केलं, मी दोनदा खाली केलं.

आता राहिली डिक्कीवरच्या नंबरप्लेटची खडखड, तिच्यामागे फोमची पट्टी लावायचीय. आणि दारात डॅम्पिंग (पत्र्याची थरथर दाबणाऱ्या शीट), पण ते पावसाळा संपल्यावर, आतला प्लास्टिकचा कागद एकदा निघाला की नीट चिकटत नाही आणि पाणी आत येतं.