युसुफचा फ्रीज

म्हापशात आमचं टीव्ही-फ्रीजचं दुकान आहे. त्यामुळे फराह नाबुलसी यांचा 'द प्रेझेंट' (2020) हा लघुपट बघताना माझा अर्धा जीव त्या फ्रीजमध्येच अडकला होता. गोष्ट एवढीशी. इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकमधला पॅलेस्टिनी युसुफ लग्नाच्या वाढदिवसाला बायकोसाठी नवा फ्रीज आणायला निघतो, सोबत त्याची लहान मुलगी यास्मीन. वाटेत इस्रायली सैन्याचा चेकपॉइंट. जाताना तोच, येतानाही तोच.

आम्ही फ्रीज विकताना आधी दाराचं माप विचारतो. इकडच्या जुन्या घरांची दारं अशी अरुंद की कधी बिजागऱ्या काढून फळी उतरवावी लागते, कधी परसातून वळसा घालावा लागतो. पण कसंतरी करून माल आत जातो. युसुफचा फ्रीज अडतो तो चालत जाणाऱ्यांसाठीच्या फिरत्या लोखंडी गेटात. मावतच नाही. शेजारी गाड्यांचा रुंद, मोकळा रस्ता, पण तिथून जायला सैनिक देत नाहीत. पाठीच्या दुखण्यानं वाकलेला तो माणूस शेवटी आरडाओरडा करतो, तेव्हा बंदुका त्याच्यावर रोखल्या जातात.

त्याहून मला जास्त लागलं ते आधीचं. जाताना बापाला पिंजऱ्यात अडकवून ठेवतात, पोरगी ताटकळते आणि लघवी होऊन तिचे कपडे ओले होतात. त्यावर कोणी भाषण ठोकत नाही. (आपल्याकडे इथे व्हायोलिन वाजलं असतं.) सुरुवातीची पहाटेची रेटारेटी तर बेथलेहेमच्या खऱ्याखुऱ्या चेकपॉइंट 300 वर, कामावर निघालेल्या मजुरांच्या गर्दीत चित्रित केलीय. युसुफ झालेला सालेह बक्री त्यांच्यात उभा राहिला की नट वाटत नाही.

बांद्याला माल पाठवला की आमच्या टेम्पोलाही गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला कधी कधी थांबवतात. ई-वे बिल दाखवलं की सुटका. अडवतात ते मालासाठी. ड्रायव्हर कोणत्या जमातीचा म्हणून कोणत्या रस्त्यानं जायचं, हे कोणी सांगत नाही. तिकडे 1967 पासून इस्रायली सैन्याचा ताबा आहे, आणि आता हे रोजचंच झालंय.

ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला, ऑस्करचं नामांकनही मिळालं. शेवट मात्र मला पटला नाही. बाप आणि सैनिक हुज्जत घालत असताना पोरगी सरळ फ्रीजची ढकलगाडी ढकलत गाड्यांच्या रस्त्यानं निघते. बायको म्हणते, तेवढ्याशा पोरीवर गोळी कोण झाडणार? मी म्हणतो, दुसऱ्या दिवशी युसुफला कामावर जायचंय, आणि गेटवर तेच सैनिक असणार.