फाकारावाला जाताय? पौर्णिमा तिथल्या तारखेने मोजा

फाकारावा हे प्रशांत महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियातलं प्रवाळबेट. तिथे जून-जुलैच्या पौर्णिमेच्या सुमारास ग्रूपर मासे अंडी घालायला हजारोंनी जमतात, ते बघायला आम्ही जातो. आधी तारखेचं सांगते, कारण पहिल्या खेपेला आम्ही तिथेच चुकलो. आपलं पंचांग बघून अगदी पौर्णिमेला पोहोचायचं ठरवलं. पण फ्रेंच पॉलिनेशिया आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागे, त्यामुळे तिथली पौर्णिमा बहुधा एक तारीख आधीच पडते. आम्ही पाण्यात उतरलो तेव्हा ग्रूपर पांगले होते. फार वाईट वाटलं.

या वेळी जुलैच्या पौर्णिमेआधी पाच दिवस गेलो. विमान उत्तरेला रोतोआवा गावाजवळ उतरतं. माशांचा मेळा मात्र दक्षिणेच्या तुमाकोहुआ खिंडीत (लगून, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआडचं पाणी, समुद्राला जोडणारी वाट), तेतामानू गावापाशी भरतो. लगूनमधून बोटीने दीड-दोन तास लागतात, आणि या दिवसांत वारा असतो, तेव्हा कोरडे कपडे पिशवीत घट्ट बांधून ठेवा. मुक्काम दक्षिणेलाच करा, रोजच्या ये-जा करण्यात भरती हुकते. डाइव्ह भरतीलाच करायची: तेव्हा समुद्राचं नितळ पाणी आत येतं आणि ओढ लगूनकडे असते, भर समुद्राकडे नाही.

हा ग्रूपर हेकरूच्याच कुळातला, तपकिरी डागांचा, एरवी एकटा राहणारा. 2014 साली फ्रेंच सागरी जीवशास्त्रज्ञ लॉराँ बालेस्टा यांच्या पथकाला इथे सुमारे 17,000 ग्रूपर आणि 700 ग्रे रीफ शार्क आढळले. खाली गेल्यावर त्या आकड्याचा अर्थ कळतो. प्रवाळाचा दगड समजून बघावं तर त्याचे कल्ले हलताना दिसतात! नर आधी येऊन जागा धरतात, जागेसाठी एकमेकांना चावतात. माद्या शेवटी येतात, पोटं टम्म फुगलेली. दिवसा शार्क त्यांच्यावरून शांतपणे सरकत राहतात, शिकार मुख्यतः रात्री होते. रात्रीची डाइव्ह मी केली नाही. ओढीच्या पाण्याचा चांगला सराव नसेल तर तुम्हीही करू नका. दिवसासुद्धा तळाशी हात टेकू नका, मासे बिथरतात.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ते घडलं. एक मादी तळावरून सुसाट वर निघाली, मागोमाग चार-पाच नर, आणि पाण्यात अंडी-शुक्राणूंचा पांढरा ढग फुटला. मग दुसरा, तिसरा. अंडी खायला फ्युजिलियर नावाच्या लहान माशांचे थवे तुटून पडले. मी तोंडातल्या रेग्युलेटरमधूनच (श्वासाच्या नळीतूनच) ओरडत होते. तासाभरात सगळं आटोपलं.

मुख्य मेळा जूनच्या पौर्णिमेला की जुलैच्या, हे तिथल्या डाइव्ह गाईडना विचारूनच ठरवा. परतीचं तिकीट पौर्णिमेनंतर निदान तीन दिवसांनी ठेवा.