पत्र्याखालची बोळ

बीड जिल्ह्यातल्या त्या गावावर घरांच्या मोजणीचा ड्रोन उडाला तेव्हा निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं. आम्ही पडताळणीला पोचलो उन्हाळ्यात, कोयते, म्हणजे तोडकऱ्यांच्या जोड्या, परतल्यावर.

माझ्यासारख्या भूकरमापकाला, म्हणजे सरकारी मोजणीदाराला, बांधावरची भांडणं अंगवळणी पडलेली असतात. गावठाणातली जास्त चिवट, कारण शेताला निदान सातबारा असतो. घराला ग्रामपंचायतीच्या नमुना आठपलीकडे, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीपलीकडे, फारसं काही नसायचं. 24 एप्रिल 2020 ला स्वामित्व योजना आली ती त्यासाठीच. आधी चुन्यानं हद्दी आखायच्या, मग भारतीय सर्वेक्षण विभागाचा ड्रोन, त्यावरून 1:500 चा नकाशा, पडताळणी, चौकशी आणि शेवटी सनद, म्हणजे घराच्या मालकीचा कागद.

नकाशात दोन भावांची घरं भिंतीला भिंत लावून होती. धाकट्याच्या बायकोनं कागदावर बोट ठेवलं. "सायेब, आमची बोळ कुठंय यात?"

जाऊन बघितलं. बोळ होती की! टेप धरला, चार फूट दोन इंच. शेवटाला म्हशीचा खुंटा, भिंतीला शेणाच्या गोवऱ्या थापलेल्या. पावसात म्हैस भिजू नये म्हणून दोन्हीकडचे पत्रे एकमेकांवर चढवलेले. वरून बघणाऱ्याला एकच छप्पर.

चुना टाकला त्या दिवशी धाकट्याच्या दाराला कुलूप होतं. थोरल्यानं दोन्ही घरांभोवती एकच रेघ मारून घेतली. पुढं कार्यालयात संगणकावर रेषा ओढणाऱ्यानं तीच धरली. मुद्दाम केलं की सवयीनं, कोण जाणे.

थोरला तावातावानं म्हणाला, "सरकारनं वरून फोटू काढलाय, तो काय खोटा हाय का?"

"फोटो खरा आहे, दादा. पण तो पत्र्याचा आहे."

प्रतिमेतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे पाच सेंटिमीटर. छपराची कड अगदी जागच्या जागी होती. पण सव्वादोन फूट पुढं आलेला पत्रा म्हणजे भिंत नव्हे. 1:500 च्या कागदावर हा फरक दीड मिलिमीटरही नाही, गावात मात्र त्यावरून दोन पिढ्या कोर्टात जातात.

केंद्राच्या 15 फेब्रुवारी 2021 च्या नकाशांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांना नकाशे करायला पूर्वपरवानगीची गरज ठेवली नाही. नियम पाळल्याचं ज्याचं त्यानं प्रमाणित करायचं. मला ते पटतं, जुन्या परवानग्यांचा जाच होताच. डिसेंबर 2022 च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणात तर 2030 पर्यंत शहरं-गावांचं 5 ते 10 सेंटिमीटर बारकाव्याचं सर्वेक्षण करायचं ठरलंय. पण चुना पडताना शेजारी हजर होता का, हा रकाना मला त्या सेंटिमीटरांइतकाच मोलाचा वाटतो. आणि ऊसतोडीच्या तालुक्यांत दिवाळीनंतर चुना टाकूच नये.

बोळ तुटक रेषेनं दाखवली. 'वर पत्रा, खाली वापरातली वाट' असा शेरा मारला. मालकी चौकशी अधिकाऱ्यांवर सोडली, ती ठरवणं माझं काम नव्हे. धाकट्यानं पंचनाम्यावर सही केली, थोरल्यानं केली नाही. तसंच लिहिलं.

आढाव्यात विचारणा झालीच, एका घराला एवढा वेळ? मी म्हटलं, उड्डाणाच्या वेळी बंद असलेली सगळी घरं टेपनं तपासावी लागतील. ग्रामपंचायतीकडं तशी यादी नव्हती. तोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत होती, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेल्या नावांपुढं निघाल्याच्या तारखेसकट.