तुम्ही विचारलंत म्हणून: भाज्या वाळवायची टिकाऊ मशीन कोणती घ्यावी

"ताई, ती भाज्या वाळवायची मशीन कोणती घेऊ, टिकणारी सांगा." सेलूच्या जाऊबाईंनी विचारलं, कॉलनीतल्या तिघीचौघींनी विचारलं, परवा भिशीत तर अर्धा तास हाच विषय चालला. दरवेळी घाईत अर्धंमुर्धं सांगितलं जातं, म्हणून आज बसून नीट लिहितेय.

आधी एक सांगते, कुरडया, पापड, खारोड्या, सांडगे यासाठी मशीन घेऊ नका. एप्रिल-मेमध्ये आमच्या परभणीत पारा ४२च्या पुढं जातो, हवा कोरडी ठणठणीत, गच्चीत बाजेवर जुनं धुतलेलं लुगडं अंथरलं की वाळवण कडकडीत होतं, त्याला लाइटबिल कशाला? मशीनचं काम निघतं ते थंडीत, टोमॅटो आणि मेथी बाजारात मातीमोल होते तेव्हा. ऊन असतं पण कोवळं असतं, रसाळ टोमॅटो दिवसभरात अर्धवट सुकतो, रात्रीच्या गारव्यात परत ओलसर होतो आणि तिसऱ्या दिवशी बुरशी धरतो. आणि मेथी, कढीपत्ता, शेवग्याचा पाला उन्हात टाकला तर हिरवा रंगच जातो. पावसाळ्यात तर वाळवायचा प्रश्नच नाही.

आता टिकण्याचं. माझी पहिली मशीन गोल होती, प्लॅस्टिकची, एकावर एक पाच ट्रे आणि पंखा-हीटर दोन्ही तळाला. स्वस्त मिळाली म्हणून घेतली. दुसऱ्या थंडीत एका रात्री बंद पडली ती पडलीच. कंपनीला फोन केला तर म्हणे पार्ट मिळत नाहीत, नवीन घ्या. मग कोपऱ्यावरच्या मिक्सर दुरुस्तीवाल्या दादांकडं नेली, त्यांनी माझ्यासमोर तळ उघडला. पंख्याच्या दांड्याला टोमॅटोचा रस काळा डांबरासारखा चिकटलेला, त्यात बिया, मेथीचा भुगा. वरच्या ट्रेतून रस ठिबकत थेट पंख्यावर, पंखा जड झाला, हळू फिरायला लागला, वारं कमी झालं म्हणून हीटरजवळची उष्णता तिथंच साठली आणि शेवटी थर्मल फ्यूज उडाला. हा फ्यूज म्हणजे मशीन फार तापली की स्वतः उडून लाइट तोडणारा छोटासा तुकडा, तो बदलता येतो, फार महागही नसतो. पण कुणी म्हणालं की वायर डायरेक्ट जोडून देतो तर अजिबात ऐकू नका, रात्रभर चालणारी वस्तू आहे ती, घरात आग लागेल.

तेव्हापासून मी एकच सांगते, पंखा मागच्या बाजूला असलेली कपाटासारखी चौकोनी मशीन घ्या. वारं आडवं वाहतं, रस तळाच्या ताटलीत पडतो, पंख्याला शिवत नाही, आणि ट्रे वर-खाली बदलत बसावं लागत नाही. ट्रे स्टीलचेच. प्लॅस्टिकचे माझे दुसऱ्याच वर्षी कडेनं तडकले, आणि कैरीच्या आंबट फोडी, मिरची, लसूण यांचा वास-रंग त्यातून जाता जात नाही. स्टीलमध्ये सुद्धा ३०४ ग्रेड आहे का ते दुकानात विचारा, मीठ-आंबटाला ते जास्त टिकतं. ट्रे किती आहेत हे लोक आधी बघतात, मला वाटतं ते शेवटी बघावं, आधी पंखा, मग ट्रे, मग हे की गावात किंवा निदान संभाजीनगरात तरी त्याचा पंखा, फ्यूज, थर्मोस्टॅट (लावलेलं तापमान सांभाळणारा भाग) मिळतो का. नसेल मिळत तर कितीही भारी मशीन दोन वर्षांचीच समजा.

आमच्या भागासाठी आणखी एक, हे जाहिरातीत कुणी सांगत नाही. आपल्याकडं लाइट जाते-येते. बऱ्याच डिजिटल मशीनी लाइट गेली की सगळं विसरतात, परत आली तरी बंदच राहतात, आणि रात्री अडीचला ते कुणाला कळणार, सकाळी ट्रेभर आंबूस टोमॅटो. नुसती फिरवायची बटणं असली की लाइट आल्यावर मशीन आपोआप सुरू होते. म्हणून मी साधी बटणवालीच घेतली. डिजिटल घ्यायचीच असेल तर दुकानातच प्लग काढून परत लावून बघा.

तापमान ३५ ते ७० डिग्रीपर्यंत कमी-जास्त करता यायलाच पाहिजे. पाल्याला ३५-४०, भाज्यांना ५०-५५ पुरे. घाई करून ७० वर टाकलं की वरची साल कडक होते आणि आत ओल अडकते. माझी एक अख्खी बरणी अशीच गेली, वरून चामड्यासारखे छान दिसणारे तुकडे आणि आठ दिवसांत आतून पांढरी बुरशी. आता बरणीत भरल्यावर आठवडाभर रोज हलवून बघते, काचेला आतून वाफ धरलेली दिसली की परत मशीनमध्ये.

खर्चाचं म्हणाल तर ४०० वॅटची मशीन सलग १० तास चालली तर जास्तीत जास्त ४ युनिट. आणि दहा किलो टोमॅटोचे जेमतेम अर्धा-पाऊण किलो तुकडे होतात, टोमॅटोत बहुतेक पाणीच असतं ना, तेव्हा हा हिशोब आधी करा. दोन माणसांच्या घराला, वर्षातून एकदा वाळवणाऱ्याला, मी नको म्हणते. गच्ची असेल आणि माल जास्त असेल तर सोलर ड्रायर बघा, आपल्या मराठवाड्यातल्या कितीतरी बायका त्यावर टोमॅटो-कांदा वाळवून कमावतात.

माझी आत्ताची मशीन चौथ्या थंडीत आहे, एवढ्यात फक्त दाराची रबरपट्टी बदलली. जाऊबाईंना सांगितलंय, विकत घ्यायच्या आधी दिवाळीनंतर पाच किलो टोमॅटो घेऊन इकडं या, दोन घाणे काढू, पंख्याचा आवाज रात्रभर झोपेत चालतो का ते पण कळेल, मग ठरवा.