कॉलेजचा ऑनलाइन फ्रेंच कोर्स: माझा अनुभव आणि ॲपॉस्ट्रॉफीचं प्रकरण

फ्रेंच चाचणीचा माझा निकाल दुरुस्त होऊन आला, क्रेडिटही खात्यात जमा झाले. तरी परीक्षा विभागाच्या त्या खिडकीचं नाव काढलं की अजून डोकं तापतं, म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतेय. यंदा ओपन इलेक्टिव्हला फ्रेंच घेतलेल्यांनी निदान टायपिंगचा भाग तरी चाचणीच्या आधी वाचा.

मी पुण्यातल्या एका स्वायत्त कॉलेजात बी.एस्सी. करते. नवीन शैक्षणिक धोरणामुळे शाखेबाहेरचा एक विषय घ्यावाच लागतो, मी फ्रेंच घेतलं. दोन क्रेडिट, एकूण ५० गुण, त्यातले २० अंतर्गत चाचणीचे. मॅडम बाहेरून शिकवायला येणाऱ्या आणि मुलं सगळ्या शाखांची, त्यामुळे तास संध्याकाळी ऑनलाइन. प्रवेश, फी, लिंक मिळणं, यात काहीच अडलं नाही.

धाकधूक होती ती वेगळ्याच गोष्टीची. वर्गातल्या बऱ्याच जणांनी अकरावी-बारावीला मार्कांसाठी फ्रेंच घेतलेलं होतं. मी कराडची, मराठी माध्यमातली. पहिल्या तासाला ती मुलं भराभर स्वतःची ओळख करून देत होती आणि मला वाटलं, आपला इथे निभाव लागत नाही. पण मॅडमनी सगळ्यांना कॅमेरा चालू करायला लावला आणि एक एक स्वर म्हणून घेतला. फ्रेंचमधला ‘यू’ म्हणजे आपल्या ‘ऊ’सारखा ओठांचा चंबू करायचा आणि आतून ‘ई’ म्हणायचं. तो कुणालाच धड येईना, बारावीत नव्वदच्या वर मिळवलेल्यांनाही नाही. त्या दिवसापासून माझी भीती गेली. कॅमेरा बंद ठेवून हा कोर्स करू नका. नेटवरून येणाऱ्या आवाजात हा स्वर आणि नाकातले स्वर नीट कळत नाहीत, मॅडमचे ओठ बघूनच ते उमगतात. आणि साध्या का होईना, इअरफोनशिवाय बसू नका.

अभ्यासक्रम ए-वन पातळीचा, म्हणजे युरोपात भाषेच्या ज्या सहा पायऱ्या ठरवल्या आहेत त्यातली पहिली. ओळख, कुटुंब, वेळ, बाजारहाट, दिनक्रम, नकारार्थी वाक्यं. शिकायला मजा आली, त्यात तक्रारीला जागा नाही.

तक्रार आहे ती चाचणीची.

चाचणी कॉलेजच्या पोर्टलवर होती. एका शब्दाचं किंवा एका वाक्याचं उत्तर टाइप करायचं, तपासणी यंत्र करणार. आमच्या इमारतीत संध्याकाळी नेट जातं, म्हणून मी प्रत्येक उत्तर आधी वर्डमध्ये लिहायची आणि मग पोर्टलवर पेस्ट करायची. यात नियमाविरुद्ध काहीच नव्हतं, सूचनांमध्ये तशी मनाई नव्हती. पेपर सोपा गेला. निकाल लागला तेव्हा २० पैकी ९.

मी माझा अटेम्प्ट उघडला. ‘माझं नाव अमुक आहे’ हे वाक्य चूक. ‘मी एकोणीस वर्षांची आहे’ चूक. ‘मी कराडला राहते’ चूक. शेजारी पोर्टलने दाखवलेलं बरोबर उत्तर आणि माझं उत्तर अक्षरन् अक्षर सारखं. मी दोन्ही वाक्यांवर बोट ठेवून एकेक अक्षर ताडून बघितलं. काही फरक नाही. तरी लाल फुली.

रात्री मैत्रिणीबरोबर बसून आम्ही दोघींची उत्तरं समोरासमोर ठेवली. तिने थेट पोर्टलवर टाइप केलं होतं, तिची तीच वाक्यं बरोबर धरली होती. मग लक्षात आलं की माझी अक्षरांवरच्या तिरक्या रेघांची उत्तरं बरोबर आहेत, चुकलेली आहेत ती फक्त ॲपॉस्ट्रॉफीची, म्हणजे दोन अक्षरांच्या मध्ये वरच्या बाजूला येणाऱ्या खुणेची. दोन्ही वाक्यं वर्डमध्ये नेऊन अक्षर ७२ आकाराचं केलं आणि फरक दिसला. तिची खूण सरळ उभी काडी होती, माझी स्वल्पविरामासारखी खाली वळलेली. वर्ड ती आपोआप वळवतं. संगणकाच्या दृष्टीने ही दोन वेगळी चिन्हं आहेत: युनिकोडमध्ये सरळ खुणेचा क्रमांक ००२७ आणि वळलेलीचा २०१९. पोर्टलच्या उत्तरसूचीत फक्त सरळ खूण भरलेली, म्हणून वळलेली दिसली की शून्य.

आता नवशिक्यांच्या फ्रेंचमध्ये या खुणेचं काय स्थान आहे बघा. ‘ज मापेल’ (je m’appelle) म्हणजे माझं नाव, त्यात ती आहे. वय सांगायचं तर ‘जे’, त्यात आहे. कुठे राहता, ‘जाबित’, आहे. ‘से’ (हे आहे), ‘लेकोल’ (शाळा), ‘ज नेम पा’ (मला आवडत नाही), सगळीकडे आहे. पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की आधीच्या छोट्या शब्दाचा स्वर गळतो आणि तिथे ही खूण येते. तिच्याशिवाय माणूस स्वतःची ओळखसुद्धा लिहू शकत नाही. आणि सर्वांत चीड आणणारी गोष्ट म्हणजे फ्रेंच पुस्तकांत छापलेली असते ती वळलेलीच. आमच्या पाठ्यपुस्तकात प्रत्येक पानावर तीच आहे. जे पुस्तकात छापलंय तेच लिहिल्याबद्दल माझे गुण कापले होते.

मॅडमना त्याच रात्री मेसेज केला. त्यांना लगेच पटलं. पण त्या बाहेरच्या असल्यामुळे निकाल लागल्यावर पोर्टलवर काही बदलण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. “परीक्षा विभागाकडे जा, मी मेल करते,” म्हणाल्या आणि त्यांनी केलाही.

परीक्षा विभागाच्या खिडकीवर पुनर्मूल्यांकनाचा छापील अर्ज मिळाला. त्यात एक रकाना, ‘उत्तरपत्रिका क्रमांक’.

“सर, ही ऑनलाइन चाचणी होती. उत्तरपत्रिकाच नव्हती.”

“मग अर्ज कसा घेणार? रकाना रिकामा चालत नाही.”

“त्यात ऑनलाइन असं लिहू का?”

“ते तुमच्या विभागाला विचारा. आणि खाली विभागप्रमुखांची सही आणा.”

फ्रेंचला विभागप्रमुखच नाही. तो विषय कुठल्याच विभागाचा नाही, तो ओपन इलेक्टिव्हचा. ओपन इलेक्टिव्हचे समन्वयक वाणिज्य शाखेचे, ते दुसऱ्या केंद्रावर परीक्षेच्या ड्यूटीला गेलेले. इंग्रजीच्या विभागप्रमुखांकडे गेले तर त्या म्हणाल्या, “भाषा असली तरी विषय माझ्याकडे नाही, मी सही कशी करू?” त्यांचंही खरंच होतं. संगणक विभागात गेले. तिथल्या दादांनी पोर्टल उघडून बघितलं, खूण त्यांनाही दिसली, म्हणाले, “दोन मिनिटांचं काम आहे, पण परीक्षा विभागाचं पत्र आल्याशिवाय मला हात लावता येत नाही.” परत खिडकीवर. तिथे उत्तर, “पत्र द्यायला आधी अर्ज पाहिजे ना.”

पुनर्मूल्यांकनाची मुदत निकालापासून मोजतात. मुदत संपत चालली होती आणि प्रत्येक जण दुसऱ्या दारावर पाठवत होता. माझा राग कुणा एका माणसावर नाही. सगळे शांतपणे बोलले, कुणी उद्धटपणा केला नाही. राग याचा आहे की चूक समोर दिसत असताना, सगळ्यांना मान्य असताना, ती दुरुस्त करणं हे एकाचंही काम नव्हतं. ऑनलाइन परीक्षा सुरू करून इतका काळ झाला, तरी अर्ज अजून कागदी उत्तरपत्रिकेचाच ठेवलाय. विद्यार्थ्याने रकाना रिकामा ठेवायचा नाही, आणि त्यात भरायला काही आहे का हे मात्र कुणी बघायचं नाही!

शेवटी आमच्या वसतिगृहातल्या एका सीनियर ताईने मार्ग सांगितला. छापील अर्ज बाजूला ठेव, साध्या कागदावर थेट परीक्षा नियंत्रकांच्या नावाने अर्ज लिही, तो आवक-जावकला दे आणि आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घे. नुसतं “ठेवून जा, बघू” म्हणाले तर ठेवून येऊ नकोस, पोहोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. एकदा आवक क्रमांक पडला की त्या कागदाला उत्तर द्यावं लागतं, आणि मुदतीत अर्ज दिल्याचा पुरावा आपल्या हातात राहतो. हा सल्ला सोन्यासारखा निघाला.

अर्ज मी एकाच पानात बसवला. वर विषय, परीक्षेची तारीख, माझा आसन क्रमांक. मग तीन वाक्यांत अडचण. खाली दोन चित्रं शेजारी-शेजारी: माझं उत्तर आणि पोर्टलचं उत्तर, दोन्हीतली ती खूण मोठी करून तिच्याभोवती गोल. सोबत पाठ्यपुस्तकातल्या एका पानाची झेरॉक्स, त्याच खुणेभोवती तसाच गोल. मॅडमच्या मेलची प्रत. आणि मागणी स्पष्ट शब्दांत: दोन्ही खुणा ग्राह्य धरून सर्व विद्यार्थ्यांची उत्तरं पुन्हा तपासावीत. ‘सर्व विद्यार्थ्यांची’ हे मुद्दाम लिहिलं. वर्गाच्या ग्रुपवर विचारलं तेव्हा कळलं होतं की वर्डमधून पेस्ट केलेल्या आणि आयफोनवरून परीक्षा दिलेल्या अनेकांचं हेच झालंय. आयफोनचा कीबोर्डही ही खूण आपोआप वळवतो. त्यांतल्या बहुतेकांनी ‘आपल्यालाच फ्रेंच जमत नाही’ असं समजून विषय सोडून दिला होता. हे ऐकून मला माझ्या नऊ गुणांपेक्षा जास्त वाईट वाटलं. त्यांच्याही सह्या घेतल्या.

परीक्षा नियंत्रकांनी बोलावलं तेव्हा मी लॅपटॉप घेऊनच गेले. त्यांनी पडद्यावरची खूण बघितली, पुस्तकातली बघितली, आणि तिथूनच संगणक विभागाला फोन केला. उत्तरसूचीत वळलेल्या खुणेची उत्तरं जोडली आणि पूर्ण वर्गाची तपासणी पुन्हा चालवली. माझे ९ चे १८ झाले. वर्गात आणखीही बऱ्याच जणांचे वाढले. ते संध्याकाळी ग्रुपवर आलं तेव्हा मला जो आनंद झाला तो बारावीच्या निकालालाही झाला नव्हता, आणि हे लिहायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

आता टायपिंगचं. वर्ड वापरणार असाल तर फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स असं जा आणि ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’मधल्या स्मार्ट कोट्सच्या चौकटीतली टिक काढून टाका. त्याहून चांगलं म्हणजे नोटपॅड वापरा, ते ही खूण वळवत नाही. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्डमध्ये ‘स्मार्ट पंक्च्युएशन’ बंद करा. वर्डमध्ये भाषा फ्रेंच ठेवली तर प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह आणि अपूर्णविरामाच्या (:) आधी ते आपोआप एक जागा सोडतं. फ्रेंच छपाईची पद्धत तशीच आहे, पण यंत्र तपासणार असेल तर तीही जागा नडू शकते, तेव्हा मॅडमना आधी विचारून घ्या.

अक्षरांवरच्या रेघांसाठी ऑल्ट धरून आकडे दाबण्याची युक्ती सगळे सांगतात: ०२३३ दाबलं की तिरक्या रेघेचं ‘ई’, ०२३१ दाबलं की शेपटीचं ‘सी’. पण ती उजवीकडच्या नंबर पॅडवरच चालते, आणि लहान लॅपटॉपला तो नसतो. विंडोजमध्ये ‘युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल’ कीबोर्ड जोडून घ्या. ॲपॉस्ट्रॉफीचं बटण दाबून मग ‘ई’ दाबलं की रेघ आपोआप येते. नुसती ॲपॉस्ट्रॉफी हवी असेल तर ते बटण आणि मग स्पेसबार. दोन संध्याकाळी सराव केला की हाताला सवय होते.

ऐकण्याच्या परीक्षेबद्दल सांगायचं राहिलं. फोन नंबर फ्रेंचमध्ये दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात, आणि सत्तरपासून पुढे मोजणी साठात दहा, चार वेळा वीस अशी जाते. ‘स्वासांत’ (साठ) ऐकलं की हात लगेच ६ लिहितो, आणि पुढे ‘दूझ’ (बारा) आलं की तो आकडा ७२ असतो. जोडी पूर्ण होईपर्यंत पेन टेकवू नका. टीव्ही-साँक माँद (TV5MONDE) या फ्रेंच वाहिनीच्या संकेतस्थळावर ए-वनचे ऐकण्याचे सराव मोफत आहेत, मी रोज बसमध्ये तेच लावायची.

शब्द पाठ करताना आधी ‘अँ’ (पुल्लिंगी) किंवा ‘युन’ (स्त्रीलिंगी) लावूनच करा. ‘ल’ किंवा ‘ला’ लावून केलं तर ‘लेकोल’सारख्या शब्दांत स्वर गळून जातो आणि शब्द पुल्लिंगी की स्त्रीलिंगी ते कळायला वाव राहत नाही.

कॉलेजचे क्रेडिट म्हणजे डेल्फ नव्हे, हेही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. डेल्फ ही फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाची परीक्षा, तिच्यासाठी नाव अलियाँस फ्राँसेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत वेगळं नोंदवावं लागतं. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी २५ गुण. पास व्हायला १०० पैकी ५० लागतात आणि कुठल्याही भागात ५ पेक्षा कमी चालत नाहीत. ते प्रमाणपत्र कायमचं असतं. मी ए-वनला बसणार आहे.

आता राहिले मागच्या वर्षीचे. त्यांची चाचणी याच पोर्टलवर, याच प्रकारच्या उत्तरसूचीने झाली होती, आणि आमच्यासाठी केलेली दुरुस्ती त्यांच्या निकालाला लागलेली नाही. तुम्ही त्या बॅचमधले असाल आणि अंतर्गत चाचणीत गुण अनपेक्षित कमी पडले असतील, तर लॉगिन करून आपला अटेम्प्ट बघा, तो अजून उघडतो. ॲपॉस्ट्रॉफीच्या वाक्यांवर फुल्या दिसल्या तर मला सांगा. अर्जाचा मजकूर तयार आहे, नाव आणि आसन क्रमांक बदलून आवकला द्या, पोहोच घ्या. खिडकीवर कुणाला एकट्याने जायचं नसेल तर मी सोबत येईन.