खडेबाजारचं कापड आणि १९६५ चा ड्रेस

शेवटी शिवलाच मी तो ड्रेस! फ्रेंच फॅशन डिझायनर ईव्ह सां लोराँचा १९६५ चा, डच चित्रकार पीट मोंद्रियानच्या चित्रांवरनं केलेला, पांढरा-लाल-निळा-पिवळा आणि मधे काळ्या पट्ट्या. मला आधी वाटायचं प्रिंट असेल, पण नाही, एकेक तुकडा वेगळा कापून जोडलाय आणि अंगाचा शेप त्या जोडांतच लपवलाय, म्हणून टक्स (फिटिंगसाठी घालतात त्या चिमट्या) दिसतच नाहीत, यावरच मी फिदा आहे. मूळचा वूल जर्सीचा, म्हणजे विणलेल्या लोकरी कापडाचा, मी बेळगावातल्या शहापूरच्या खडेबाजारातनं कॉटन आणलं.

लाल कापड आधी भिजवून घ्या हां, मी घाई केली आणि पांढऱ्यावर गुलाबी डाग, तो तुकडा परत कापावा लागला. प्रत्येक जोडानंतर इस्त्री पाहिजेच, आणि आतला दाब, म्हणजे शिलाईच्या कडेचं जादा कापड, काळ्या पट्टीकडं वळवायचा, नाहीतर पांढऱ्यातनं दिसतो.

छातीवरची आडवी पट्टी बाजूच्या शिलाईत पाव इंच खालीवर झाली, रात्री अकराला उसवत बसले. आई म्हणाली, "काय करालीस गं, झोप की!" आणि मग स्वतःच चष्मा लावून धावदोरा घालून दिला. आता पट्टी पुढनं मागं एका रेषेत जाते, रविवारी मावशीकडं वडगावला हाच घालून जाणार.